लाँग कोविड: ज्यांचं दुखणं संपलं नाही त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडची लाट ओसरली, मास्क कपाटात गेले आणि ज्यांचं दुखणं मागे रेंगाळलं त्यांची विचारपूसही हळूहळू बंद झाली. ही प्रश्नोत्तरं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील, कारण बाकी सगळं त्यांवर उभं आहे. एक, या आजारातून जोर लावून बाहेर पडता येत नाही. थकवा यायच्या आधी थांबावं लागतं. दुसरी, सगळ्याचं खापर कोविडवर फोडून दुसरं, बरं होण्यासारखं दुखणं नजरेआड होऊ द्यायचं नाही. औषधाचा निर्णय मात्र तुमचे डॉक्टर आणि तुम्ही मिळून घ्या.

मला झालंय ते लाँग कोविडच आहे, हे कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. कोविड होऊन साधारण तीन महिने झाले तरी लक्षणं आहेत, ती किमान दोन महिने टिकली आहेत आणि त्यांचं दुसरं कोणतं कारण सापडत नाही, तर तो लाँग कोविड. लक्षणं रोज सारखीच असतील असं नाही. आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा अंथरूण धरावं लागतं. कोविडमधून पूर्ण बरं झाल्यावर काही आठवड्यांनी नव्यानेच त्रास सुरू झाला, असंही होतं.

रुग्णांनी सांगितलेल्या लक्षणांची संख्या दोनशेच्या पुढे जाते. नेहमी दिसणारी अशी: झोपूनही न जाणारा थकवा, दम लागणं, छातीत धडधड, उभं राहिलं की चक्कर, विसरायला होणं, शब्द न आठवणं, अंगदुखी, हातापायांना मुंग्या, झोप न लागणं, वास न येणं किंवा भलताच येणं, पोट बिघडणं. अनेक स्त्रियांना पाळीच्या आधी आणि पाळीच्या दिवसांत हे सगळं वाढल्याचं जाणवतं. ‘लाँग कोविड आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगणारी एकच एक रक्ततपासणी अजून नाही.

पण माझी आरटीपीसीआर झालीच नव्हती.

एप्रिल-मे २०२१ मध्ये घरात एकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की बाकीच्यांनी टेस्ट न करता घरीच दिवस काढले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोविड झाला असण्याची दाट शक्यता असेल तर ती वरच्या व्याख्येत धरली जाते, रिपोर्ट हातात असायलाच हवा असं नाही. कधी आजारी पडलात, त्या वेळी घरात आणखी कोण आजारी होतं, वास गेला होता का, हे तारखांसकट लिहून डॉक्टरांना दाखवा. आता अँटीबॉडी टेस्ट करून उपयोग नाही. संसर्ग किंवा लस यांमुळे जवळपास सगळ्यांच्याच रक्तात अँटीबॉडी सापडतात.

मला तर साधा ताप आला होता. तरीही?

तरीही. दवाखान्यात भरती झालेल्या माणसाला धोका जास्त, हे खरं. पण सौम्य कोविड झालेले लोकच संख्येने खूप जास्त असल्यामुळे लाँग कोविडच्या रुग्णांतही तेच जास्त दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण सहा जणांना हा त्रास होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त दिसतो. लस घेतलेल्यांत धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, मनाचं आहे. खरंच मनाचं असेल का?

या प्रश्नाने लोकांना आजाराइतकंच छळलंय.

नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल असणं याचा अर्थ इतकाच, की त्या तपासण्या जे शोधतात ते तुमच्यात सापडलं नाही. हिमोग्लोबिन, एक्स-रे आणि विश्रांतीत काढलेला ईसीजी यांवरून श्रम केल्यावर स्नायूंत काय घडतं ते कळत नाही. नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी नेमकं तेच पाहिलं. लाँग कोविडच्या २५ रुग्णांना सायकल चालवायला लावली आणि त्याच्या आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं काम बिघडलेलं होतं आणि व्यायामानंतर स्नायूंची इजा वाढलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. विषाणूचे अवशेष शरीरात टिकून राहणं, प्रतिकारशक्ती शांत न होणं, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेतला बिघाड अशा कारणांवरही काम चालू आहे. प्रत्येक रुग्णात कारण एकच असेल असं दिसत नाही.

हा आजार पहिल्यांदा ओळखला तोही रुग्णांनीच. ‘लाँग कोविड’ हे नाव मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी स्वतःच्या आजारपणाबद्दल ट्विटरवर लिहिताना वापरलं; वैद्यकीय संस्थांनी ते नंतर उचललं. तेव्हा तुम्ही सांगताय ते खरं आहे, यावर आधी तुम्ही ठाम राहा.

लांबलेल्या दुखण्याने मन खचतं, तेही खरं. त्यावर उपचार जरूर घ्यावेत. पण मन खचलंय म्हणून हे दुखणं आलं, असा उलटा हिशोब कोणी मांडला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचं, कोणत्या तपासण्या करायच्या?

२०२०-२१ मध्ये बऱ्याच मोठ्या रुग्णालयांनी पोस्ट-कोविड ओपीडी सुरू केल्या होत्या. आता तुमच्या गावात वेगळी ओपीडी असेलच असं नाही. एमडी मेडिसिन झालेल्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. फाईलचा गठ्ठा पुढे ठेवण्यापेक्षा एका पानावर लिहून न्या: कोविड कधी झाला, त्या वेळी काय औषधं दिली, आज सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या, कोविडच्या आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही. ‘थकवा येतो’ यापेक्षा ‘दोन मजले चढले की दुसऱ्या दिवशी उठवत नाही’ हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

तपासण्यांबाबत माझा आग्रह आहे, कारण आपल्याकडे थकव्याची दुसरी कारणं फार सर्रास आढळतात. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन (पाळी चालू असलेल्या बायकांनी तर नक्कीच), बी-१२ (शाकाहारी घरांत ते हमखास कमी सापडतं), डी जीवनसत्त्व, थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेसाठी एचबीए१सी, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. धडधड किंवा दम असेल तर डॉक्टर हृदयाची इको आणि फुफ्फुसांची क्षमता मोजणारी पीएफटी सांगतील. कोविडमध्ये स्टिरॉइड दिल्यावर साखर वाढली आणि पुढे कोणी पाहिलीच नाही, असंही होतं. सीटी स्कॅन मात्र मनाची खात्री म्हणून पुन्हा पुन्हा काढू नका.

दोन गोष्टींकडे खास लक्ष द्या. खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री घाम असं असेल तर आधी टीबी तपासा. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. दुसरी म्हणजे जांघेत किंवा खुब्यात दुखणं, मांडी घालून बसताना कळ येणं. कोविडमध्ये स्टिरॉइड मिळालेल्या काही रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजल्याची प्रकरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवली. सुरुवातीला ते साध्या एक्स-रेवर दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर कळलं तर खुबा वाचवता येण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून ‘अंगदुखी’ समजून तेल चोळत बसू नका.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

छातीत दाबल्यासारखं दुखणं, बसल्याजागी दम, शुद्ध हरपणं, एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, ऑक्सिमीटरवर ९२ किंवा त्याहून कमी आकडा. यांतलं काहीही झालं तर १०८ ला फोन लावा. आकडा ९३-९४ वर रेंगाळत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काल बरं वाटत होतं म्हणून घर आवरलं. आज उठताच येत नाही. असं का होतं?

अख्ख्या आजारातली समजून घ्यायची गोष्ट हीच. रुग्ण याला ‘क्रॅश’ म्हणतात. साध्या थकव्यात आपण काम करतो, दमतो, झोपतो आणि सकाळी ताजे होतो. इथे श्रमाचा फटका लगेच बसत नाही. बारा तासांनी, एका दिवसाने, कधी दोन दिवसांनी तो येतो आणि दिवसचे दिवस, काही वेळा आठवडे राहतो. अंग गळून जातं, घसा दुखतो, कणकण वाटते, डोकं चालत नाही. उशिरा येत असल्यामुळे त्याचा त्या कामाशी संबंध लागत नाही. माणूस म्हणतो, मंगळवारी उगाच बिघडलं. खरं तर रविवारी नातेवाइकांकडे बारसं होतं.

आणि श्रम म्हणजे फक्त अंगमेहनत नाही. बँकेत फॉर्म भरणं, तासभर फोन, जोराचं भांडण, रणरणतं ऊन, ढोल-ताशाचा आवाज, परीक्षेची काळजी, या सगळ्याने क्रॅश येऊ शकतो.

ही शक्तीची उधारी आहे, आणि व्याज फार चढं आहे. एका दिवसाचं जास्तीचं काम चार दिवस फेडावं लागतं, आणि फेडायच्या आत पुन्हा घेतली तर मुद्दलच आटत जाते. वारंवार क्रॅश येत राहिले की काही रुग्णांची एकूण क्षमताच खालच्या पायरीवर उतरते. म्हणून ते टाळणं हाच आज हातात असलेला सगळ्यात भरवशाचा उपाय.

पेसिंग पेसिंग म्हणतात ते नेमकं करायचं कसं? घरातली कामं कोण करणार?

पेसिंग म्हणजे आपल्याला झेपेल तेवढ्यातच राहून, दमायच्या आधी थांबत कामं करणं. आधी पंधरा दिवस फक्त नोंद ठेवा. साध्या वहीत सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने: काय केलं, किती वेळ, कसं वाटलं. क्रॅश आला की मागच्या दोन-तीन दिवसांची पानं उलटून बघा. आपल्याला कितीपर्यंत झेपतं, ती रेषा कुठे आहे ते त्यातून कळतं. मग त्या रेषेच्या बरंच आत राहायचं. चांगल्या दिवशीसुद्धा. चांगला दिवस हा साठलेली कामं उरकायचा दिवस नव्हे. लोक नेमके तिथेच फसतात.

काम तोडून करा. पोळ्यांची कणीक सकाळी मळा, पोळ्या नंतर. शक्य तर पोळ्या विकतच्या आणा, त्यात कमीपणा काहीच नाही. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा. भाजी चिरणं, निवडणं, लाटणं सगळं बसून होतं. खाली बसून विळीवर चिरायची सवय असेल तर ती सध्या सोडा, कारण जमिनीवरून उठण्यातच बरीच शक्ती जाते. आंघोळ बसून, कोमट पाण्याने. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि चक्कर येते. केस धुवायचा दिवस आणि बाजाराचा दिवस एकच नको. कपडे वाळत घालणं दुसऱ्या कोणाकडे द्या: हात वर करून ओले कपडे टाकणं हे फार दमवणारं काम आहे, ज्यांनी कधी केलं नाही त्यांना ते हलकं वाटतं.

विश्रांती म्हणजे आडवं पडून मोबाईल बघणं नव्हे. डोळे मिटून, आवाज बंद, दहा-पंधरा मिनिटं. दमल्यावर नव्हे, घड्याळ लावून, दमायच्या आधी. मनगटी घड्याळावर ठोके दिसत असतील तर अनेक रुग्ण एक ढोबळ खूण वापरतात: विश्रांतीतल्या ठोक्यांपेक्षा साधारण १५ ने वर गेले की हातातलं काम ठेवायचं. मात्र ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर ही खूण चालत नाही.

आता ‘कोण करणार’ हा खरा प्रश्न. बहुतेक घरांत तो बाईचाच असतो. नवरा आजारी पडला तर ताट खोलीत जातं. बायको आजारी पडली तर ती ताट वाढून मग झोपते. हे बदलल्याशिवाय पेसिंग कागदावरच राहील, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे हे उत्तर रुग्णाने एकट्याने वाचू नये. घरात बसून कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. गौरी-गणपतीत या वर्षी फराळ विकतचा, नैवेद्याला एकच गोड पदार्थ, आरतीला रुग्ण खुर्चीत बसेल. देव रागावणार नाही.

सगळे म्हणतात बाहेर पड, चाल, व्यायाम कर, म्हणजे ताकद येईल.

ज्यांना क्रॅश येतो त्यांच्यासाठी हा सल्ला घातक ठरू शकतो. दर आठवड्याला ठरवून व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजाराच्या (एमई/सीएफएस) मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. त्या आजाराचं आणि लाँग कोविडमधल्या क्रॅशचं बरंच साम्य आहे.

पण लाँग कोविडचे सगळे रुग्ण एका माळेतले नाहीत. महिनाभर आयसीयूत काढलेल्या, स्नायू झिजलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालच्या व्यायामाने फायदा होतो. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘रीगेन’ चाचणीत, रुग्णालयात भरती होऊन आलेल्यांना गटाने ऑनलाइन व्यायाम आणि मानसिक आधार दिल्यावर त्यांचं जगणं थोडं सुधारलेलं दिसलं. तो निकाल घरीच आजारी पडून क्रॅश होणाऱ्यांना जसाच्या तसा लागू करू नये.

तुम्ही कोणत्या गटात, हे पाहायची साधी रीत: हलकं काहीतरी करा, म्हणजे पाच मिनिटं सपाटीवर चाला, आणि पुढचे तीन दिवस दुसरं काही न वाढवता थांबा. काहीच बिघडलं नाही तर तेवढं सुरक्षित आहे. बिघडलं तर सध्या पाय लांब करून बसून किंवा पडल्यापडल्या घोटे फिरवणं, गुडघे वाकवणं एवढंच पुरे.

योगासनं आणि प्राणायाम तरी चालतील ना?

निवडून. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये कोविडनंतरच्या काळजीच्या सूचना काढल्या, त्यांत योगासनं, प्राणायाम, सकाळ-संध्याकाळ चालणं हे होतं; पण ‘प्रकृतीला झेपेल तितकं’ ही अटही होती. बारा सूर्यनमस्कार ही ती अट पाळणं नव्हे. शवासन, योगनिद्रा, श्वास न रोखता अनुलोम-विलोम, हलक्या आवाजात भ्रामरी यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं. कपालभाती आणि भस्त्रिका सध्या बाजूला ठेवा. जोरजोरात श्वास सोडल्याने चक्कर आणि धडधड वाढते.

उभं राहिलं की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे ‘पॉट्स’ असू शकतं, म्हणजे उभं राहिल्यावर हृदयाचे ठोके प्रमाणाबाहेर वाढण्याचा त्रास. घरी एक अंदाज घेता येतो, पण जवळ कोणीतरी हवं. दहा मिनिटं शांत पडून ठोके आणि बीपी मोजा. मग उठून भिंतीला हलकेच टेकून दहा मिनिटं उभे राहा आणि दर दोन मिनिटांनी आकडे लिहा. बीपी फारसं न उतरता ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले (१२ ते १९ वयात ४०), तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. मध्येच गरगरलं तर लगेच खाली बसा, आकडे पूर्ण करायचा हट्ट नको.

यावर करण्यासारखं बरंच आहे, आणि लाँग कोविडमधल्या इतर त्रासांपेक्षा इथे लवकर आराम पडतो असं अनेकांचं सांगणं आहे. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, मिठाचं ताक, ओआरएस. मात्र बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ आणि पाणी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. पोटरी ते मांडीपर्यंतचे घट्ट मोजे. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसून पाय हलवायचे. भारतीय पद्धतीच्या संडासातून एकदम उभं राहू नका. शक्य तर कमोड वापरा. पोटभर भात एकदम जेवण्यापेक्षा थोडं थोडं, चार वेळा. एवढ्याने भागलं नाही तर प्रोप्रानोलॉल किंवा आयव्हाब्रेडिनसारखी औषधं डॉक्टर देऊ शकतात.

ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तरी दम लागतो. मग दम कसला?

हृदय आणि फुफ्फुस तपासून झालं असेल तर श्वासाची लय बिघडलेली असण्याची शक्यता बरीच आहे. आजारपणात छातीने, वरवर, तोंडाने श्वास घ्यायची सवय लागते आणि ती जात नाही. उताणे पडा, गुडघे वाकवा, एक हात छातीवर आणि एक पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश सोडा. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. लंडनमधल्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने २०२० मध्ये तिथल्या डॉक्टरांसोबत गाण्यातून श्वास शिकवणारा कार्यक्रम सुरू केला आणि चाचणीत त्याचा फायदाही दिसला. आपल्याकडे ज्यांना भजनाची किंवा ओंकाराची सवय आहे त्यांनी बसून, मंद सुरात तेच करून पाहायला हरकत नाही.

फोडणीचा वास कुजल्यासारखा येतो. जेवण जात नाही.

वासाच्या नसा पुन्हा वाढताना जोडणी चुकीची होते, तेव्हा असं होतं. कांदा, लसूण, कॉफी, अंडं, तळलेलं मटण हे वास सगळ्यात जास्त बिघडतात, म्हणजे आपला अर्धा स्वयंपाक. त्या दिवसांत दहीभात, गार झालेली मुगाची खिचडी, साधी पोळी आणि गूळ-तूप, फळं यांवर भर द्या. पदार्थ गरम नसला की वास कमी येतो. घरच्यांनी फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी. आणि ‘नखरे’ हा शब्द वापरू नये; पोटात अन्न न जाऊन वजन उतरलेले रुग्ण आहेत.

वासाचा सराव करा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. चार बरण्या, प्रत्येकीचा वास पंधरा-वीस सेकंद, हलके हुंगत, तो वास मूळचा कसा होता ते आठवत. सकाळी एकदा, रात्री एकदा, किमान तीन महिने. गुण सावकाश येतो, मध्येच सोडू नका.

वास अजिबातच येत नसेल तर गॅसची गळती कळणार नाही. रोज रात्री रेग्युलेटर बंद करा, शक्य असेल तर गॅस डिटेक्टर लावा, दूध उघडल्याची तारीख पिशवीवर लिहा.

शब्द आठवत नाहीत, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हा स्मृतिभ्रंश आहे का?

ब्रेन फॉग म्हणतात तो हा. तरुणांमध्येही दिसतो आणि अनेकांत काळाबरोबर कमी होतो. डोक्याचं काम हेही श्रमच, त्यामुळे त्यालाही पेसिंग लागू. अवघड काम दिवसातल्या बऱ्या वेळी, वीस मिनिटांच्या तुकड्यांत. औषधं, गॅस, बिलं यांसाठी मोबाईलवर गजर. थकलेल्या अवस्थेत गाडी चालवू नका. बी-१२ आणि थायरॉइड पाहिलंय ना, ते पुन्हा विचारते.

केस मुठीमुठीने गळताहेत.

तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं. बहुतेकांचे केस सहा महिन्यांच्या आसपास परत येऊ लागतात. लोह आणि थायरॉइड तपासा, महागड्या तेलांवर पैसे घालू नका.

यावर औषध नाही का? काढा, गुळवेल, इम्युनिटीच्या गोळ्या घ्याव्यात का?

मूळ आजार बरा करणारं, सिद्ध झालेलं औषध आजतरी नाही. पॅक्सलोव्हिड हे कोविडच्या विषाणूवरचं औषध पंधरा दिवस देऊन पाहण्याची अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी कोविड चालू असतानाच दिल्यावर वजन जास्त असलेल्यांत पुढे लाँग कोविडचं प्रमाण कमी झाल्याचं अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. पण तो प्रतिबंध झाला, नंतरचा उपचार नव्हे. एकेका लक्षणावर मात्र उपचार आहेत: झोप, डोकेदुखी, पॉट्स, आम्लपित्त, नसांच्या वेदना. एक एक लक्षण हलकं होत गेलं तरी दिवस सुसह्य होतो.

काढा आणि गुळवेलीबद्दल सांभाळून. गुळवेल घेतलेल्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. माझा सल्ला असा, की रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि यकृताची चाचणी करून घ्या. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची साप्ताहिक गोळी रक्त न तपासता महिनोन्‌महिने चालू ठेवू नका, ते जीवनसत्त्व शरीरात साठून अपाय करतं. शिल्लक राहिलेलं स्टिरॉइड स्वतःहून तर कधीच नको. आणि स्टेमसेल, रक्त गाळून घेणं असे लाखोंचे उपचार ‘खात्रीने’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. खचलेल्या माणसाचा खिसा कापणं फार सोपं असतं.

नोकरीचं काय करू?

राजीनामा देण्याआधी बोला. डॉक्टरांच्या पत्रात आजाराच्या नावासोबत मर्यादा लिहून घ्या: सलग किती वेळ बसता येतं, प्रवास किती झेपतो, मधली विश्रांती किती. ‘हलकं काम द्यावं’ या ओळीने काहीच होत नाही. पहिल्यांदा आठवड्यातले दोन-तीन अर्धे दिवस, मग हळूहळू वाढ. मुंबईत उभ्याने लोकलचा प्रवास हेच अर्ध्या दिवसाचं काम आहे, तेव्हा गर्दीच्या वेळा टाळून येण्याची किंवा घरून कामाची परवानगी मागा.

ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) विमा असेल तर योगदानाच्या अटी पूर्ण केल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी त्यांच्याच डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. रोजंदारीवर असणाऱ्यांना, शेतात राबणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, आणि त्यांना ‘विश्रांती घ्या’ सांगणं किती अपुरं आहे याची मला जाणीव आहे. त्यांनी निदान सगळ्यात जड काम आणि भर उन्हाचं काम एका दिवशी घेऊ नये.

लोक म्हणतात, दिसतेस तर छान!

लोक पाहतात तो तुमचा उभा राहिलेला तास. त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी पाहिलेले नसतात. प्रत्येकाला समजावत बसू नका, त्यातही शक्ती जाते. एकच वाक्य ठरवून ठेवा: ‘मी अर्धा तास येईन, बसून राहीन आणि निघेन.’ भेटायला येणाऱ्यांनी आधी फोन करावा, चहाची अपेक्षा ठेवू नये आणि जमलं तर डबा आणावा.

रात्री फार वाईट विचार येतात.

कोणाशी तरी आजच बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर घरातल्या एका माणसाला तसं स्पष्ट शब्दांत सांगा. त्या रात्री एकटं झोपू नका.

मुलांनाही होतो का?

होतो, मोठ्यांपेक्षा कमी प्रमाणात. मूल ‘दमलो’ म्हणतंच असं नाही. खेळ सोडतं, चिडतं, शाळेतून आल्यावर दप्तर न काढता झोपतं, पोट किंवा डोकं दुखतं म्हणतं. शाळेशी बोलून पीटीच्या तासाला सूट, जिना टाळता येईल असा वर्ग, अर्धा दिवस शाळा अशी सोय करून घ्या. आळशी ठरवून शिकवणीचे तास वाढवू नका.

मी पूर्ण बरा कधी होणार?

तारीख कोणी देऊ शकत नाही. बऱ्याच जणांना पहिल्या वर्षात लक्षणीय फरक पडतो. काहींना वर्षं लागतात. चीनमधल्या वुहानमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा पाठपुरावा झाला, त्यात सहा महिन्यांनी ६८ टक्के लोकांत निदान एक लक्षण होतं, दोन वर्षांनी ५५ टक्क्यांत. ही फक्त भरती झालेल्यांची आकडेवारी आहे, घरी आजारी पडलेल्यांना ती तशीच लागू नाही. सुधारणा मोजायची तर आजची तुलना कालशी करू नका, तीन महिन्यांपूर्वीच्या वहीशी करा. क्रॅश आधी आठवड्याला येत होते, आता महिन्याला येतात, आणि आले तर पाच दिवसांऐवजी दोन दिवसांत उतरतात, ही खरी सुधारणा. बरं वाटू लागल्यावरच सगळ्यात जास्त जपा: काम थोडंसं वाढवा, आठवडाभर तिथेच थांबा, मग पुढे.

पुन्हा कोविड झाला तर?

काहींचा त्रास पुन्हा वाढतो, म्हणून टाळता येईल तेवढा टाळा. दवाखान्यात, गर्दीच्या गाडीत, बंद हॉलमधल्या लग्नात चांगला एन-९५ मास्क लावा. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि झोपायची खोली वेगळी करा. लशीच्या पुढच्या डोसाबद्दल डॉक्टरांना विचारा, विशेषतः आधीच्या डोसानंतर त्रास वाढला असेल तर. आणि झालाच कोविड, तर ताप उतरल्यावर लगेच कामाला लागू नका. ऑफिसने पाच दिवसांची सुट्टी दिली असेल तर ती दहाची करून मागा, आणि परतल्यावरही पहिले काही आठवडे जड काम, जिने आणि जागरण टाळा.